एक की दोन

वासुदेव पालशेतकर मोबाईल घेऊन आला
तेव्हा मी ताटावर होतो.
"होडेकर चाचा, तुम्हाला अरबी कळतं ना?"

कळतं. तेवीस वर्षं
सलाल्याच्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर बसलो.
माणसं पाहिली नाहीत, ऐकली.

वायरलेसवरून उतरवून घेतलेले दोन आवाज होते.
पहिला कालचा, दुपारचा:
डिझेलचा भाव काय, दाभोळच्या खाडीत भरती कधी,
आपण टाळकेश्वरच्या दिव्यासमोर उभे, इंजिन बंद;
मध्येच हसला, कुणाला तरी चहा मागितला.
दुसरा आजचा, मगरिबनंतरचा:
पाणी आत येतंय, पाणी आत येतंय,
मग अल्लाचं नाव,
मग आकडे, तेही अर्धेच,
मग नुसता वारा.

सोसायटीच्या ओट्यावर आठ-दहा जण उभे.
हा एकच माणूस, की दोन?
एक असेल तर ठिकाण माहीत आहे.
दोन असतील तर अख्खा समुद्र पडलाय,
आणि त्या वाऱ्यात बाहेर काढता येईल अशी लाँच
बंदरात एकच.

दोघंही 'ज'ला 'ग' म्हणत होते.
त्यानं मुलूख कळतो, माणूस नाही.

भीती आवाज वर ओढते, शीड ओढावं तसा.
जाडा बारीक होतो, म्हातारा पोर होतो.
आमच्या इस्पितळात एक डॉक्टर होता, हुसाम नावाचा,
नऊ वर्षं रोज सकाळी सात वाजता सलाम करणारा.
मुलगा वाडीच्या पुरात गेला त्या रात्री
त्यानं फोन उचलला, आणि मी विचारलं,
कोण बोलतंय?

ते अजून जात नाही डोक्यातून.

ऐन हे अक्षर घशाच्या तळातून काढावं लागतं,
पोहरा विहिरीतून काढावा तसं.
कालचा माणूस ऐनच्या आधी जरा अडायचा,
उंबरठ्याला अंगठा लागावा, एवढाच.
आजच्याला अडायला सवड कुठली?
सहा वेळा ऐकलं. काही नाही.
सातव्यांदा, वाऱ्याच्या खाली,
'सरीअन' म्हणाला तो, लवकर,
आणि नेमका 'लवकर' म्हणताना अडला.

"एक," मी म्हटलं.
वासुदेवनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लाँचचा दिवा अंजनवेलच्या नाकापाशी वळला, दिसेनासा झाला.
घरी भात गार. कुलसुमनं विचारलं,
"नक्की ना?"
मी हात धुतले. जेवलो नाही.

पहाटे सात माणसं उतरली धक्क्यावर.
त्यांचा नाखवा हडकुळा, अंगावर कुणाची तरी घोंगडी,
दाढीत मीठ.
मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.
शेवटी बोलला, पाणी मागितलं,
तर तो आवाज कालचाही नव्हता, आजचाही नव्हता.
घोगरा, तिसराच.

कालचा भाव तूच विचारलास का रे बाबा,
एवढं विचारायचं होतं.
तेवढ्यात त्यानं माझा फोन मागितला.
घरी लावला. आई असावी.
बरा आहे, म्हणाला. जेवलोय. समुद्र शांत आहे.
सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवत.

हा आवाज मात्र मी ओळखला.
दर शुक्रवारी बोर्ड सुटल्यावर
रांगेत उभा राहून
मी हाच आवाज दाभोळला पाठवायचो.

कुलसुम चहाची किटली घेऊन मागे उभी होती.
तिला अरबीतलं सलामापलीकडे काही येत नाही.
कपात चहा ओतता ओतता हळूच म्हणाली,
"खोटं सांगतोय ना घरी?"

मी तिच्याकडे बघितलं.
तेवीस वर्षं. महिन्याचे चार शुक्रवार.